मोठ्यांना खरंखुरं हरवायचं कसं

मुलांशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात आणि मुलांना ते बरोबर कळतं. बहुतेक मुलं बोलत काही नाहीत, हळूच खेळातून मन काढून घेतात. माझी सात वर्षांची भाची बोलते. पकडापकडीत मी जरा पाय आखडता घेतला तशी ती जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "मावशी, नीट धाव. मला असं जिंकायचं नाहीये." नीट धावले असते तर दोन ढांगांत ती हाती लागली असती.

पावसाने मैदान बंद पडलं आणि इमारतीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना एकत्र खेळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं (खरं सांगायचं तर मीच हौसेने गळ्यात घालून घेतलं), तेव्हा डोक्यात हाच पेच होता. लहानांचे खेळ पुष्कळ आहेत, मोठ्यांचेही आहेत. पण चार वर्षांचं पोर, चाळिशीचा बाप आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा एकाच डावात हवेत आणि तिघांचाही कस लागायला हवा, असे खेळ आयते मिळत नाहीत. ओळखीचेच खेळ घेऊन त्यांचे नियम पुन्हा बेतावे लागतात. मुलांसाठी मोठ्यांनी हात राखून खेळायचं नाही, नियमच असे करायचे की मोठ्यांची उंची आणि ताकद फारशी कामाला येऊ नये. पुढचं सगळं त्या खटाटोपाबद्दल आहे.

आधी जागेबद्दल, कारण छपराखालच्या खेळात अर्धे नियम जागाच ठरवते. आमच्या हॉलची फरशी गुळगुळीत. म्हणून पायमोजे काढायचे, अनवाणी खेळायचं नाहीतर रबरी तळाचे बूट घालायचे. पायमोज्यांवर घसरण्यात मुलांना भारी मजा येते, पण तसं वळताना मोठ्यांचे गुडघे दुखावतात. प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत बाहेर काढायची, खिडकीच्या काचेपुढे गादी उभी करायची. धावण्याच्या शर्यतीत 'भिंतीला हात लावून परत' असं कधीच ठेवायचं नाही. मुलं पूर्ण वेगात भिंतीवर जातात आणि सगळा भार मनगटावर येतो. भिंतीच्या चार-पाच पावलं अलीकडे पाण्याने भरलेली बाटली ठेवायची आणि तिला वळसा घालून परत फिरायचं. रेघा आखायला रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घ्यावी. खोकी बंद करायची पट्टी फरशीवर असा चिकटा सोडते की तो काढताना खेळाची सगळी हौस फिटते. आणि आमच्या हॉलच्या बरोबर खाली एक कुटुंब राहतं, म्हणजे उड्या बाद. ही अट सुरुवातीला जाचक वाटली. पुढे तिनेच आम्हाला सगळ्यात चांगला खेळ दिला, त्यावर येतेच.

पहिल्या शनिवारी संगीत खुर्ची घेतली, कारण ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गाणं थांबलं, आणि सगळ्यात आधी कोण बाद झालं? चार वर्षांचं सगळ्यात लहान पोर. दुसऱ्या फेरीत आजी. तिसऱ्या फेरीत चष्मा सावरत बसायला गेलेले काका. ज्यांनी हालचाल करावी म्हणून हा उद्योग मांडला, ते पाच मिनिटांत भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे होते आणि शेवटच्या खुर्चीसाठी धावत होते ते दोन तरुण, जे एरवीही रोज पळतातच. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगतात आणि प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल. संगीत खुर्चीत त्या पोराच्या वाट्याला मिनिटभरही आलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक गोष्ट पक्की आहे: डाव संपेपर्यंत कुणी कायमचं बाद होत नाही. लहानग्यांना 'कच्चं लिंबू' म्हणून सोडून देण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण कच्च्या लिंबालाही चार दिवसांत कळतं की आपल्याला खेळात धरलेलंच नाही. त्यापेक्षा बाद होण्याचा अर्थ बदलायचा. संगीत खुर्चीत आता माणसं कमी होत नाहीत, फक्त जागा कमी होत जातात आणि उरलेल्या जागेत सगळ्यांनी मावायचं. खुर्च्यांवर हे करताना मोठी माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायला लाजतात (आणि खुर्च्यांचे पाय फाकतात), म्हणून आम्ही जमिनीवर चिकटपट्टीचे चौकोन आखले. वर्तमानपत्राची पानं अंथरू नयेत, ती फरशीवर सटकतात. गाणं थांबलं की प्रत्येकाचा निदान एक पाय चौकोनात हवा. शेवटचा चौकोन उरतो तेव्हा सगळी फौज एका पायावर, एकमेकांचे खांदे, दंड, सदरे धरून उभी असते आणि मधोमध कुठेतरी ते चार वर्षांचं पोर, ज्याला दोन्ही पाय ठेवायला जागा मिळालेली असते. इथे लहान असणं फायद्याचं. मला हवं होतं ते हेच.

शिवाशिवीचं तसंच केलं. एकावर राज्य असलं की हॉलमध्ये दोन गोष्टी होतात: राज्य असलेला दमतो आणि बाकीचे कोपऱ्यात गप्पा मारतात. आम्ही सगळ्यांवरच राज्य देतो. कुणीही कुणालाही शिवायचं. शिवलं गेलं की जागेवर उकिडवं बसायचं आणि आपल्याला कुणी शिवलं ते लक्षात ठेवायचं. तो माणूस कुणाकडून शिवला गेला की आपण सुटलो, पुन्हा उठायचं. बसलेला माणूस स्वस्थ बसत नाही, आपल्या शत्रूवर डोळा ठेवतो आणि बाकीच्यांना ओरडून सांगतो, "त्या काकांना धरा, काकांना!" उकिडवं बसता येत नसेल त्याने हात वर करून उभं राहायचं.

आणि धावायचं नाही, चालायचं. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. खालच्या मजल्यासाठी ही अट घातली, पण तिने खेळाचं रूपच पालटलं. झपझप चालताना मोठ्यांच्या लांब ढांगांचा फायदा होतोच, मात्र वळायला त्यांना जागा लागते. मुलं पायांमधून, काखेखालून निसटतात. दोनेक फेऱ्यांनी आमच्या एका काकांना मी गाण्याची ओळ म्हणायला लावली. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे हालचाल मध्यम जोराची. चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोरकस. काकांची ओळ दुसऱ्याच शब्दावर तुटली. "नुसतं चालतोय ना आपण?" असं ते इतक्या खऱ्या आश्चर्याने म्हणाले की मुलं खाली बसून हसायला लागली.

आता तो सगळ्यात चांगला खेळ. उड्या बंद, धावणं बंद आणि जागा कमी, म्हटल्यावर मी अशा खेळांकडे बघायला लागले जे मुळातच अडचणीतून जन्माला आले. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ आज स्टेडियमात खेळले जातात, पण जन्मले ते हिवाळ्यात कोंडलेल्या मोठ्या माणसांसाठी, बंद हॉलमध्ये. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाच्या गळ्यात कंटाळलेल्या अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा वर्ग पडला होता. त्यांच्यासाठी त्याने तेरा नियमांचा खेळ रचला. त्यामागचा विचार मला फार आवडतो. चेंडू घेऊन माणूस धावला की दुसरा त्याला पाडायला येणार आणि लाकडी जमिनीवर पडणं महागात जाणार, म्हणून चेंडू घेऊन धावायलाच बंदी. गोल समोर उभा असला की माणूस सगळी ताकद लावून चेंडू मारणार, म्हणून गोल डोक्यावर आणि आडवा, म्हणजे ताकदीपेक्षा नेम लागेल. दंगा नको हे सांगायला त्याने भाषण दिलं नाही, टोपलीची जागा बदलली. पुढे 1895 मध्ये जवळच्याच होलिओक गावात विल्यम मॉर्गनला वयस्कर व्यावसायिकांसाठी बास्केटबॉलही धसमुसळा वाटला. त्याने दोन संघांच्या मध्ये जाळी बांधली, म्हणजे अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला. तो व्हॉलीबॉल. त्याच्यासाठी बास्केटबॉलचा चेंडू जड पडला आणि त्याच्या आतलं नुसतं ब्लॅडर फारच हलकं निघालं. शेवटी वेगळा चेंडू करून घ्यावा लागला.

आम्हाला ते फारच हलकं प्रकरण हवं होतं, म्हणून फुगा. आणि 1956 मध्ये नेदरलँड्समध्ये याच व्हॉलीबॉलचं आणखी एक रूप तयार झालं, बसून खेळायचा व्हॉलीबॉल. 1980 पासून तो पॅरालिंपिकमध्ये आहे. मैदान दहा मीटर बाय सहा मीटर, जाळी पुरुषांसाठी 1.15 मीटर आणि महिलांसाठी 1.05. मुख्य नियम असा की चेंडू खेळताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. हा नियम वाचला आणि मी मनात म्हटलं, माझं काम झालं. उंच माणसाला खाली बसवलं की त्याची निम्मी मिजास तिथेच उतरते.

दोन खुर्च्यांना दोरी बांधली, बसलेल्या मुलीचा वर केलेला हात जेमतेम वरून जाईल इतक्या उंचीवर. दोरीवर एक ओढणी टाकली, म्हणजे फुगा वरून गेला की खालून यावर भांडण नको. दोन्ही बाजूंना सहा-सहा जण मांडी घालून. फुग्याला हात लागताना बूड टेकलेलं हवं, एरवी हातांवर सरकत कुठेही जा. फुगा आपल्या बाजूला जमिनीला लागला की समोरच्यांना गुण. एका बाजूला तीन स्पर्शांची मर्यादा ठेवली होती, पहिल्याच डावात ती काढून टाकली. उलट पलीकडे टोलवण्याआधी फुगा किमान तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला पाहिजे, असं केलं. त्यामुळे दंडात जोर असलेल्या एकाच माणसाचा खेळ होत नाही. ते चार वर्षांचं पोर धरून सगळ्यांना फुगा द्यावा लागतो.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. मुलं बुडावरून अशी सरकतात की जणू त्यांना चाकं आहेत. मोठ्यांना ते जमत नाही. आमच्यातले एक उंच, धिप्पाड काका, क्रिकेटमध्ये ज्यांना सगळी मुलं वचकून असतात, फुगा दीड हातावर पडतोय हे बघत हात लांब करून आडवे झाले आणि तसेच पडून राहिले. फुगा अगदी सावकाश, त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब, जमिनीला टेकला. घाई करून उपयोग नसतो, फुगा त्याच्या चालीने येतो. माझ्या भाचीने लागोपाठ दोन गुण मारले आणि माझ्याकडे वळून संशयाने बघितलं. मी घामाने निथळत होते, केस विस्कटलेले, एक पाय मुंग्या येऊन गेलेला. तिची खात्री पटली असावी, कारण पुढच्या फेरीपासून ती मला अजिबात दया न दाखवता खेळायला लागली.

फुगा जमिनीला लागू न देणं हा खेळ फुटकळ वाटत असेल तर सांगते, 2021 च्या ऑक्टोबरात स्पेनमध्ये त्याचा विश्वचषक झाला. फर्निचर मांडलेल्या मैदानात एकास एक अशा लढती झाल्या आणि पेरूचा खेळाडू जिंकला. घरात भावंडांनी खेळलेल्या अशाच खेळाचा व्हिडिओ पाहून ती कल्पना सुचली होती. मी तो सामना आमच्या मंडळींना दाखवला, त्यानंतर कुठल्याही आजोबांनी "फुग्याशी काय खेळायचं" असं म्हटलेलं नाही.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता, गुडघे. जमिनीवर बसलं तर उठवणार कोण? त्यांच्यासाठी भक्कम, हाताची, न सरकणारी खुर्ची ठेवली आणि नियम तोच: बूड खुर्चीवरून उचलायचं नाही. खुर्चीमुळे ते सगळ्यांपेक्षा उंच झाले, ही तक्रार मुलांनी लगेच केली. तोड अशी निघाली की खुर्ची दोरीपासून लांब, मागच्या रेघेवर. उंची आहे पण सरकता येत नाही. आजोबांनी ती जागा अशी सांभाळली की आता खुर्चीसाठी इतरही अर्ज करतात.

फुग्यांबाबत दोन गोष्टी गंमत बाजूला ठेवून सांगायच्या. फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्याच क्षणी खेळ थांबवून उचलायचे. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा घशात अडकण्याचा खराखुरा धोका असतो, म्हणून लहान मुलांना फुगे तोंडाने फुगवायलाही देत नाही. आणि रबराची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारायचं. पंखे मात्र बंद ठेवावे लागतात, नाहीतर फुगा कुठे जाईल त्याचा नेम नाही. त्यामुळे दर दहा मिनिटांनी पंखा लावून पाणी पिण्याची सुट्टी.

या वाटेने गेल्यावर पुढचा खेळही पॅरालिंपिकमधूनच मिळाला. गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी 1946 मध्ये तो तयार झाला. तीन-तीन खेळाडू, आत घुंगरू असलेला चेंडू, तो जमिनीवरून घरंगळत टाकायचा आणि समोरच्यांनी आवाजावरून अडवायचा. सगळ्या खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी, म्हणजे ज्याला थोडं दिसतं त्यालाही जास्तीचा फायदा नाही. प्रेक्षकांनी चिडीचूप बसायचं. मैदानाच्या रेघांखाली दोरा असतो, बोटांनी किंवा पायाने चाचपून कळावं म्हणून. आम्हीही चिकटपट्टीखाली सुतळी घातली. खऱ्या खेळातला चेंडू सव्वा किलोचा असतो, तो आमच्या कामाचा नव्हता. आम्ही हलका प्लास्टिकचा चेंडू चुरचुरणाऱ्या पिशवीत गुंडाळून गच्च बांधला. बसूनच अडवायचं, आणि चेंडू हवेत उडाला तर तो डाव फुकट.

आंधळी कोशिंबीर आमच्या हॉलमध्ये मी बंद केली होती, कारण डोळे बांधलेला एक माणूस वीस जणांच्या मध्ये फिरवला की तो खांबावर जातोच. गोलबॉलमध्ये माणूस एका जागी असतो आणि चेंडू त्याच्याकडे येतो, त्यामुळे डोळे बांधण्याची सगळी थरथर मिळते आणि टाळकं शाबूत राहतं. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी वीस माणसं श्वास रोखून एका पिशवीची चुरचुर ऐकत असतात. खालच्या काकू एका शनिवारी वर आल्या आणि म्हणाल्या, "आज तुमचं नाही का? आवाज नाही आला." आता त्याही येतात, आणि चेंडू कुठून येतोय हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळतं. इतकी वर्षं छतावरचे आवाज ऐकून कान तयार झालेत, असं त्यांचं म्हणणं.

कल्पनांसाठी मी याद्या फार चाळल्या. अर्ध्या याद्या साहित्य आणायला सांगतात आणि उरलेल्यांत मोठ्यांनी फक्त शिट्टी वाजवायची असते. उलट एका चित्राने मदत केली. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने 1560 मध्ये मुलांच्या खेळांचं एक मोठं चित्र काढलं, ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. दोनशेहून जास्त मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. भाची आणि मी एका संध्याकाळी पडद्यावर ते चित्र मोठं करून कोपरान् कोपरा बघितला. डाव्या कोपऱ्यात खाली दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळताहेत, कुणी चाक फिरवतंय, कुणी पिंपावर बसलंय, एकीकडे आंधळी कोशिंबीर चालू आहे. मुलांचे चेहरे गंमत म्हणून बघावेत, एकही हसत असेल तर शपथ. सगळी आपापल्या कामात गढलेली. भाची म्हणाली, "ही मोठी माणसं आहेत का?" त्यातून आम्ही हुकमी असं काय उचललं तर सागरगोटे, आणि त्यात एका आजींनी सगळ्यांना धूळ चारली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तो बसून दोघींचा खेळ झाला आणि बाकीचे नुसते बघत राहिले.

कागदी गोळ्यांची लढाई मात्र दर वेळी लागते. जुन्या कागदांचे गोळे करायचे, मधे दोरी, मिनिटभर एकमेकांच्या बाजूला फेकत राहायचं, मिनिट संपताना ज्यांच्या बाजूला गोळे जास्त ते हरले. वीस गोळ्यांनी सुरू करा, चाळीसपर्यंत जा. कंबर वाकवून उचला, फेका, पुन्हा वाका. मोठ्यांना वाकायला वेळ लागतो, मुलं आधीच जमिनीजवळ असतात, त्यामुळे मोठे इथेही सपाटून हरतात. दगड-कागद-कात्रीची आगगाडीही सोपी: हरणारा जिंकणाऱ्याच्या मागे खांद्यावर हात ठेवून उभा राहतो आणि त्याच्या नावाने ओरडतो. शेवटी दोन लांब आगगाड्यांची गाठ पडते. अनोळखी माणसं असतील तर सुरुवातीला हीच घ्यावी, कारण नशिबाच्या खेळात कुणाची अब्रू जात नाही.

दम खायला मधे डमशेराज घेतो. सिनेमांची नावं दिली की मुलं बाहेर पडतात, म्हणून नावं नाहीत, कामं द्यायची, आणि तीही साखळीत. सगळे एका रांगेत पाठमोरे. पहिला दुसऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारतो, तो वळतो, पहिला त्याला बिनआवाजात काम करून दाखवतो, मग दुसरा तिसऱ्याला. एकदा आजोबांना चिठ्ठी आली 'तान्ह्या बाळाला अंघोळ घालणे'. त्यांनी हाताच्या कुशीत बाळ धरलं, पाण्यात बोट बुडवून गरम आहे का ते बघितलं, मानेखाली हात नेऊन चूळकाभर पाणी घातलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर तळवा आडवा धरला. दुसऱ्याने पाण्याचं बोट गाळलं. तिसऱ्याने कपाळावरचा हात गाळला आणि चोळण्याचा जोर वाढवला. पाचव्यापर्यंत ते गाडी धुणं झालं होतं. शेवटच्या मुलाने मोठ्या विश्वासाने सांगितलं, "हत्तीची मालिश." आजोबा बराच वेळ मानायलाच तयार नव्हते.

खेळवणाऱ्याच्या कामातलं थोडं. नियम अर्ध्या मिनिटात सांगून होत नसतील तर तो खेळ शनिवारी घेत नाही. पहिली फेरी गुण न धरता खेळायची, त्यातच सगळ्यांना कळतं. गडी वाटायला कप्तान नेमून एकेकाला निवडू द्यायचं नाही. शेवटपर्यंत उरलेल्या पोराचा चेहरा मला माझ्याच लहानपणापासून माहीत आहे. त्याऐवजी सगळ्यांनी न बोलता, नुसत्या खाणाखुणांनी जन्माच्या महिन्याप्रमाणे रांग लावायची, मग एक सोडून एक असे दोन संघ. ही रांगच एक खेळ होऊन बसते. आणि डाव रंगात असतानाच थांबवायचा. मुलं कुरकुरतात, हरकत नाही, पुढच्या शनिवारी ती दारात उभी असतात. खेळ फिका पडेपर्यंत ताणला की तोच खेळ पुन्हा काढता येत नाही.

सगळ्यात अवघड गट तेरा ते पंधरा वर्षांचा. लहानांत धरलं तर त्यांना अपमान वाटतो आणि मोठ्यांत ती लाजतात. खुर्च्यांच्या चळतीवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालायची. "या ना" म्हणून ती येत नाहीत, उलट जास्तच घट्ट बसतात. त्यांच्यापैकी एकीला मी दोरीची उंची ठरवायला सांगितली, कारण लहान-मोठे दोघांनाही पटेल अशी उंची मला साधत नव्हती. तिने मोजपट्टी मागितली. मग बसलेल्या प्रत्येकाचा वर केलेला हात मोजला, वहीत लिहिला, आणि जाहीर केलं की एकाच उंचीची दोरी अन्यायाची आहे. ती तिरपी हवी, एका टोकाला बुटक्यांसाठी कमी, दुसऱ्या टोकाला जास्त, आणि उंच माणसांनी उंच टोकाकडेच बसायचं. तिच्या दोघा मित्रांना हे मान्य नव्हतं. तिघेही वाद घालत जमिनीवर आले आणि आपलं म्हणणं दाखवायला फुगा मारायला लागले.

तिरप्या दोरीने आमचे डाव चुरशीचे झालेत. तक्रार आता मोठ्यांची आहे. धिप्पाड काकांचं म्हणणं, उंच टोक फारच उंच आहे, दोन बोटं खाली घ्या. मुलीने वही उघडून त्यांच्या हाताचं माप दाखवलं आणि नाही म्हणाली. प्रकरण पुढच्या शनिवारवर गेलंय.